सलोमीबाई फक्त प्रभूलाच सांगतात

सलोमीबाईंनी आयुष्यात कुणाची चहाडी केली नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि ब्लाऊजचं माप घेताना सांगतात, म्हणजे समोरच्या बाईला दोन्ही हात वर धरून निमूट ऐकावंच लागतं.

यवतमाळात दारव्हा रोडच्या आतल्या अंगाला आमची गल्ली. तिच्यातल्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाऊज सलोमीबाईंच्या मशीनवरून उतरलेले. आणि ब्लाऊज शिवणाऱ्या बाईपासून काय लपतं? टेप एकदा पाठीमागून फिरला की बायका आपोआप बोलत्या होतात. कुणाची जाऊ कशी वागते, कुणाचा नवरा कुठे जातो, कुणाच्या सासूबाई दुधात पाणी घालतात आणि वरून म्हशीला नावं ठेवतात. सलोमीबाई तोंडात टाचण्या धरून 'हूं, हूं' करत ऐकतात. एकीचं दुसरीला सांगत नाहीत. कधीच नाही.

पण इतकं सगळं पोटात ठेवून माणूस जगणार कसं? त्याची सोय त्यांनी केलेली होती. त्या फक्त प्रभूला सांगत.

दिवाबत्तीच्या वेळी मशीनवर कापड झाकायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसायचं. गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्ची, आणि आत कोंदट होतं म्हणून खिडकी उघडी. मग डोळे मिटून प्रार्थना. आता, सलोमीबाईंचा आवाज हा चर्चला माइक यायच्या आधीचा आवाज आहे. तरुणपणी त्या गायनात पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतल्यांनी नुसती तोंडं हलवली तरी चालायचं.

प्रार्थनेची सुरुवात शुद्ध पुस्तकी असे. तिसऱ्या वाक्याला वऱ्हाडी लागे.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझं लेकरू तुझ्या चरणांशी आलं आहे. आमच्या समोरच्या बबनरावांची तू आठवण कर. निळ्या गेटचं घर, पित्या. तो कोकिळेले सांगते का खताच्या दुकानात गेलतो, अन् बसते आर्णी रोडच्या धाब्यावर. शिशी स्कूटीच्या डिक्कीत ठेवते, रेनकोटात गुंडाळून. तू तर पाहूनच राह्यला असशीन."

प्रभू पाहत होता की नाही ते सांगता येत नाही. कोकिळा मात्र त्याच मिनिटाला डिक्कीपाशी होती.

पत्ता नीट सांगायचा हा सलोमीबाईंचा कटाक्ष. एवढ्या मोठ्या जगात देवाचा घोटाळा व्हायला नको. त्यामुळे कुठलं गेट, कितवं घर, दारात कोणतं झाड, सगळं तपशीलवार येई. गल्लीतल्या बायका त्या वेळी नेमक्या तुरीच्या शेंगा घेऊन ओट्यावर बसत. पुरुषांच्या मोटरसायकली नेमक्या तेव्हाच पुसायला निघत. मालिकेत मध्ये जाहिराती तरी असतात, इथे तेही नाही. 'आमेन' ऐकू आलं की सगळे उठून भात टाकायला जात.

तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं कसं नाही बाईला? सांगणार कोण? आणि कशाला? चालू नळ कुणी आपल्या हातानं बंद करतं का?

शिवाय गुण येत होता. बबनरावांची दारू सुटली. नळाच्या लाइनवर मोटार बसवून गल्लीचं पाणी ओढणाऱ्या एका गुरुजींनी रातोरात मोटार काढून टाकली. दूधवाल्या सासूबाईंच्या दुधावर साय धरू लागली. जो तो जपून राहू लागला, न जाणो, उद्या आपलं नाव घेतलं जायचं! घरातली भांडणंसुद्धा 'सलोमीमावशीले सांगू काय?' एवढ्यावर मिटत.

सलोमीबाईंना यातलं एकच टोक माहीत होतं. आपण मागतो आणि प्रभू देतो. रविवारी पाळकसाहेब सांगत, ख्रिस्ती माणसामुळे शेजाऱ्याच्या जगण्यात काही फरक पडला पाहिजे, नाही तर त्यानं तसं म्हणवून तरी का घ्यावं? सलोमीबाई तेव्हा मान खाली घालत, पण ती नम्रपणानं घातलेली मान नव्हे. आपलं काम चोख आहे, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं त्याची ती मान.

"प्रभू माहं लयच ऐकते जी," त्या नवऱ्याला म्हणत.

शांतवनराव वर्तमानपत्रामागून म्हणत, "हो. समदेच ऐकते."

हे शांतवनराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दिवसातून चार-दोन वाक्यं बोलतात आणि तीही तुटक.

तर त्या शुक्रवारी शेजारच्या धनसिंगभाऊंची जया ब्लाऊज घालून बघायला आली. धनसिंगभाऊ बंजारा, दारव्ह्याकडच्या तांड्यावर त्यांची कपाशी आणि तूर. पोरीच्या शिक्षणासाठी इथे घर केलेलं. निम्मा आठवडा ते शेतावर, निम्मा इथे. बायको रामीबाई, जयाची याडी, भली बाई, पण नवऱ्यापुढे शब्द काढायची नाही.

"रविवारी पाहाले येऊन राह्यले मावशी," जया आरशात न बघता म्हणाली. "पुसदकडचे. बा नं त्याईच्या काकाले शब्द देला हाय."

"मंग तोंड काहून असं केलं?"

"मले नाही करायचं आता. मले पोलिसात जायचं हाय. भरतीची मैदानी परीक्षा दोन महिन्यावर आली. घरी सांगतो शिकवणीले जातो, अन् जातो पळाले. बा ले सांगून सांगून थकली मी. तो म्हणते, पोलिसातली पोरगी कोण करते? अन् त्या लोकाइले तर नोकरीवाली नकोच."

सलोमीबाईंच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या.

"मावशी, कोणाले सांगजा नको बरं."

"मी? मी फक्त प्रभूले सांगतो व माय."

"हो. त्याले सांगा," जया म्हणाली. "रविवारी सांगा. त्याच वेळी येतीन ते. चांगलं नीट सांगा."

भाबडी पोर, सलोमीबाईंना वाटलं. देवावर केवढा भरवसा!

शनिवारी दुपारी बबनराव आले. चप्पल बाहेर काढून, केस विंचरून, हातात पपई. दारू सुटल्यापासून माणूस फार सभ्य दिसू लागला होता.

"वहिनी, एक विनंती होती. सासुरवाडीचे लोक येऊन राह्यले उद्या. दोन दिवस माहं नाव नका घेऊ."

"कशात?"

"प्रार्थनेत जी. आता सोडली ना मी. दुसऱ्या कोणाचं घ्या. नाव पायजे असंन तर मी सुचवतो."

सलोमीबाई पपई हातात धरून उभ्या. "तुमाले कोणं सांगतलं मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणून?"

बबनराव हसले. मग बाईचा चेहरा बघून हसू आवरलं. मग अख्ख्या गल्लीनं इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्यांच्या तोंडून एका दमात सांडली. "बाप्पा! वहिनी, तुमाले माहीतच नाही काय? थेट नाल्याच्या पुलापावतर ऐकू येते न! माही मेहुणी आर्णीहून आली का मुद्दाम थांबते ऐकाले."

ते गेल्यावर सलोमीबाई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. ज्या बाईनं चहाडीला साऱ्या पापांत खालचं पाप मानलं, तिनं रोज दिवाबत्तीला गल्लीभर चहाडी केली होती, तीही डोक्यावर पदर घेऊन. आणि वर पत्ता सांगून!

"तुमाले माहीत होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही."

सलोमीबाईंना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. "म्हणजे बबनरावची दारू प्रभूनं नाही सोडवली. कोकिळेनं सोडवली."

शांतवनरावांनी वर्तमानपत्र उलटलं. "कोकिळेले बी त्यानंच बनवलं."

पण त्यानं समाधान होईना. त्यांनी खिडकीची दारं ओढली, वर्षानुवर्षं न लागलेली कडी हातोडीनं ठोकून लावली आणि ठरवलं की यापुढे प्रार्थना मनातल्या मनात. रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा शेजाऱ्याचा विषय काढला, तेव्हा त्यांची मान खरोखरच खाली होती.

रविवारची संध्याकाळ. धनसिंगभाऊंच्या घरापुढे पुसदकडची जीप लागली. आत बैठकीत मुलाचे काका नेमसिंग, पांढरा फेटा, मोठा मान. शेजारी मुलगा शाम, पुण्यात कंपनीत, नजर मोबाईलमध्ये. धनसिंगभाऊ इस्त्रीच्या कपड्यात अवघडून बसलेले. बाहेर ओट्याओट्यावर शेंगांची टोपली घेऊन गल्ली हजर. पाहुण्यांचा दिवस, त्यात वेळ झालेली. आज काय निघतं?

काहीच निघेना.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बबनरावांनी हात जोडून आभाळाकडे पाहिलं. त्यांना वाटलं आपल्याच विनंतीचा मान राखला. दूधवाल्या सासूबाई म्हणाल्या, "बरं नाही काय तिले?" आणि खरोखर काळजीत पडल्या.

सलोमीबाई बंद खिडकीआड डोळे मिटून बसल्या होत्या. मनातल्या मनात प्रार्थना करायची सवय नव्हती. चार शब्द झाले की पाचवा कुठे जाई कळत नसे. एवढ्यात मागच्या दारी बांगड्या वाजल्या. नव्या साडीत, नव्या ब्लाऊजमध्ये, हातात साखरेचा रिकामा डबा घेऊन जया.

"मावशी, झोपल्या काय वो?"

"प्रार्थना करून राह्यलो."

"मंग ऐकू काहून नाही येऊन राह्यली? ते उठाले करतीन आता! खिडकी कायले लावली?"

सलोमीबाईंनी डोळे उघडले. एकेक गोष्ट जागेवर बसायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुले बी माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीले माहीत हाय."

"अन् मले म्हणे, कोणाले सांगजा नको!"

"तसं म्हटलं नसतं तर तुमी प्रभूले सांगतलं असतं काय?" जयानं डबा मशीनवर ठेवला. "मी काय करू मावशी? पाहुण्यापुढे पोरीनं तोंड उघडलं का याडीची मान खाली जाते. तुमचं कसं, देवाचं नाव असते. कोणी काही म्हणत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याकडून जाईन ते बरं जाईन."

"मले रेडिओ समजली काय व तू?"

जया रडायलाच लागली, तेव्हा सलोमीबाईंचा राग जागच्या जागी विरघळला. पण करायचं काय? खिडकी उघडून पुन्हा तेच करायचं, तर आता ती प्रार्थना राहत नव्हती. डोळे मिटून लोकांना ऐकवायचं, हे त्यांना आजवरच्या चहाडीपेक्षा वाईट वाटलं. आणि गप्प बसायचं, तर तिकडे शब्दावर सुपारी फुटणार, आणि पोरीचं पळणं कायमचं थांबणार. मैदानी काही लग्नासाठी थांबत नाही.

"जा," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"कुठं?"

"त्याईच्या घरी. दारातून." त्या दिवसाचा कोटा शांतवनरावांनी संपवला.

जया मागच्या मागे पळाली. सलोमीबाई पुढच्या दारानं निघाल्या. आता इथे सांगायला हवं की गुडघे धरल्यापासून त्या चर्च सोडून कुठे जात नव्हत्या. लोकच त्यांच्याकडे येत. त्यामुळे त्यांनी नालीवरची फरशी ओलांडली तेव्हा गल्लीतल्या शेंगा सोलायच्या थांबल्या. धनसिंगभाऊंच्या घराच्या लोखंडी पायऱ्या उंच. एकेक पायरी चढताना त्यांनी प्रभूचं नाव घेतलं, ते मात्र खरोखर फक्त त्याच्याचसाठी.

"या, या बाई," रामीबाई पोह्यांची ताटली घेऊन दारातच थबकल्या.

"या कोण?" नेमसिंगांनी विचारलं.

"शेजारच्या हायेत. ब्लाऊज शिवते," धनसिंगभाऊ म्हणाले. आवाज जरा पातळ झाला होता.

"शुभ काम हाय म्हणलं," सलोमीबाई खुर्चीवर टेकल्या. "मी एक प्रार्थना करू काय?"

धनसिंगभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सलोमीबाईंच्या प्रार्थनेत काय काय असतं ते त्यांना काय नव्यानं सांगायचं? पण पाहुण्यांपुढे देवाच्या नावाला नाही म्हणणार कसं? आणि नेमसिंग तर मोठे भाविक. त्यांनी लगेच पाय चपलेतून काढले, शामला कोपर मारून मोबाईल खाली ठेवायला लावला आणि हात जोडून डोळे मिटले.

बाहेर गल्ली खिडकीशी सरकली.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," सलोमीबाईंनी सुरू केलं, "तुझं लेकरू तुझ्या चरणांशी आलं आहे. आमच्या शेजारच्या धनसिंगभाऊंची तू आठवण कर. लोखंडी पायऱ्याचं…"

आणि त्या थांबल्या.

लोखंडी पायऱ्यांचं घर कशाला? त्या त्याच घरात बसल्या होत्या. माणूस हाताच्या अंतरावर. याला सांगायची गोष्ट वर पाठवून खाली आणायची, म्हणजे पुन्हा खिडकीच झाली. इतकी वर्षं आपण देवाशी बोलत होतो की शेजाऱ्यांशी बोलायचं टाळत होतो, असा एक चोरटा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी डोळे उघडले.

"धनसिंगभाऊ, प्रभूले हे समदं माहीत हाय. तुमाले नाही, म्हणून तुमाले सांगतो. पोरगीले पोलिसात जायचं हाय. ती शिकवणीले नाही जात, पळाले जाते. मैदानी दोन महिन्यावर हाय. लगन मंग करा. पण आधी तिले पळू द्या."

नेमसिंगांचे हात अजून जोडलेलेच. त्यांनी एक डोळा उघडला.

"बाई, हे प्रार्थनेतलं हाय का बाहेरचं?"

"बाहेरचं, भाऊ."

"मंग हात खाली घेऊ?"

"घ्या."

धनसिंगभाऊ उभे राहिले. कपाळाची शीर ताठ. "बाई, हे आमच्या घरातलं हाय."

"हो जी. म्हणून तर घरात येऊन सांगून राह्यलो," सलोमीबाई म्हणाल्या. आवाज जेमतेम निघाला. खिडकीबाहेरच्यांना प्रथमच कानाला हात लावावा लागला.

नेमसिंगांनी चहाचा ट्रे धरून दारात उभ्या असलेल्या जयाकडे पाहिलं. "खरं हाय का बेटा?"

आता इथे ना खिडकी, ना मावशी, ना देव. जयानं ट्रे खाली ठेवला. रामीबाईंची मान खरंच खाली गेली. "हो," जया म्हणाली. "मले भरती द्यायची हाय."

"मी बी देलती," शाम अचानक म्हणाला. आल्यापासून त्याचं हे पहिलं वाक्य. "छातीच्या मापात बाद झालो."

"तू गप बैस," काका म्हणाले. मग पोह्यांची ताटली जवळ ओढून, शांतपणे संपवून, पाणी पिऊन, त्यांनी फेटा सारखा केला. "धनसिंग, तुहा शब्द मी धरत नाही. पोरीले परीक्षा देऊ दे. मंग पाहू." मंग पाहू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. जीप गेली.

गल्लीला वाटलं आता धनसिंगभाऊ फुटणार. ते अंगणात कठड्याला टेकून उभे राहिले. रामीबाई पदर तोंडाशी धरून आतच. सलोमीबाई पायऱ्या उतरायला घाबरत होत्या. चढणं जमलं होतं, उतरणं जमत नव्हतं, म्हणून जायची इच्छा असून त्या तिथेच.

"कुठं पळते?" धनसिंगभाऊंनी पोरीला विचारलं.

"पोलीस मैदानाच्या मागं."

"उजाडाच्या आधी?"

"हो."

"एकटी?"

"हो बा."

"एकटी!" ते इतके मोठ्यानं ओरडले की ओट्यावरची टोपली सांडली. "अंधारात एकटी पळते, अन् मी तांड्यावर गाढ झोपून राह्यलो! उद्यापासून एकटी नाही जायची."

जया आत जायला वळली.

"मी येतो."

मग त्यांना आठवलं, निम्मा आठवडा आपण शेतावर असतो. कापूस वेचणीला आलेला, माणूस बघायलाच हवं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर पायरीवर अडकलेल्या सलोमीबाईंवर थांबली.

"ज्या दिवशी मी नाही, त्या दिवशी तुमी जाजा, बाई. तोंड तुमी उघडलं."

"मी?" सलोमीबाई म्हणाल्या. "माहे गुडघे पाह्यले काय तुमी?"

"तुमाले कोण पळाले लावते? बसजा."

तेव्हापासून पौषाच्या थंडीत, आठवड्यातले काही दिवस, शांतवनराव स्कूटीवर पुढे प्लास्टिकची खुर्ची आणि मागे सलोमीबाई घेऊन मैदानावर जातात. खुर्ची मांडतात आणि काही न बोलता चहा शोधायला निघतात. सलोमीबाईंच्या डोक्यावर नवऱ्याची कानटोपी, त्यावर स्कार्फ, त्यावर पदर. नाक लाल. अंथरुणातून उठताना त्या रोज म्हणतात की दुसऱ्याच्या जगण्यात फरक पाडायचा म्हणजे स्वतःचं जगणं हराम होतं, हे पाळकसाहेबांनी सांगितलं नव्हतं. पण एकदा खुर्चीवर बसल्या की तो माइकआधीचा आवाज मोकळा सुटतो. जयाच नव्हे, शेजारच्या ट्रॅकवरची अनोळखी पोरंसुद्धा दचकून वेग वाढवतात. भरतीवाल्या एका मुलानं परवा विचारलं, मॅडम कोणत्या अकादमीच्या?

भरती अजून व्हायची आहे. जया निवडली जाईल की नाही कुणालाच सांगता येत नाही. कालची गोष्ट, ती ठरलेल्या फेऱ्या संपवून खुर्चीपाशी येऊन गवतावर आडवी झाली.

"झालं मावशी. आता नाही होत."

सलोमीबाईंनी कानटोपी वर सरकवली. "नाही होत? मी इथं कुडकुडून राह्यलो, अन् तुह्या बा ले सांगू का पोरगी आडवी झाली? ऊठ. अजून एक चक्कर मार, अन् त्या निळ्या शर्टाच्या पोराच्या पुढं निघ. हळूच पळून राह्यला तो, मी केव्हाची पाहून राह्यलो."

निळ्या शर्टाच्या पोरानं ते ऐकलं आणि जीव घेऊन पळत सुटला. जया उठली आणि त्याच्या मागे लागली.